अखत्यारीतले आणि अखत्यारीबाहेरचे

कासाडी नदीच्या काठी उरलीसुरली भातखाचरे, पलीकडे औद्योगिक वसाहतीची धुराडी, अलीकडे सिडकोने उभारलेल्या उंच इमारतींच्या रांगा आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत धावू लागलेली मेट्रो, अशा परस्परांशी फारसे सख्य नसलेल्या वस्तू एकाच दृष्टिक्षेपात दाखविणारे तळोजे हे निद्राहीन गाव आहे. कारण येथील रासायनिक कारखान्यांतील प्रक्रिया सूर्य मावळला म्हणून थांबत नाहीत, आणि त्या थांबत नसल्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसांनाही पाळीपाळीने जागत राहावे लागते. अशाच जागणाऱ्यांपैकी एक तरुण शिफ्ट-इन्चार्ज, आणि पनवेलच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले त्याचे मामा, यांच्यात माझ्या समक्ष जो वाद झाला तो दोघांच्याही संमतीने येथे मांडतो आहे. मामा माझे जुने स्नेही. भूसंपादनाची दप्तरे हाताळण्यात त्यांची हयात गेली, आणि कोणत्याही विधानापुढे ‘आधार काय?’ असा शेरा मारण्याची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

वादाचे निमित्त थोडक्यात सांगतो. भाच्याच्या कारखान्यात एका रात्री द्रावकाची गळती झाली. ती वेळीच आटोक्यात आली, कोणाला इजा झाली नाही, चौकशीत त्याच्यावर ठपकाही आला नाही. परंतु त्या रात्रीनंतर दाबमापकाची धोक्याची घंटा वाजली की त्याच्या छातीत धडधड सुरू होई, हातापायांना मुंग्या येत आणि आता आपण मरणार अशी निश्चित भावना होई. इसीजी निर्दोष निघाला. मग रात्रपाळी सुटल्यावर वाटेत एक क्वार्टर घेतल्याखेरीज झोप येईना, घरी मुलावर विनाकारण हात उगारला जाऊ लागला, आणि त्या विशिष्ट प्लांटची पाळी आली की सहकाऱ्याशी अदलाबदल करून ती चुकविण्याची युक्ती तो योजू लागला. अखेर ज्या डॉक्टरांनी इसीजी पाहिला होता त्यांनीच त्याला खारघरच्या एका चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठविले. हे मामांना कळले तेव्हा ते काही दिवस बोललेच नाहीत, आणि बोलले ते असे :

“आपल्या खानदानात आजवर कोणाला ठाण्याला न्यावे लागले नाही.”

ज्या वाचकांचे बालपण मुंबई-कुलाब्याच्या टापूत गेले त्यांना या एका वाक्यातील भीती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय उभे राहिले, आणि त्या शहराचे नाव पुढे कित्येक पिढ्या येथे शिवीसारखे वापरले गेले.

“मामा, मला कोणी कोठे नेलेले नाही,” भाचा म्हणाला. “मी माझ्या पायांनी जातो, पाऊण तास खुर्चीवर बसतो, सांगितलेला अभ्यास घरी करतो आणि पुन्हा जातो. बाई औषध लिहून देत नाहीत, कारण तो अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा. त्यांच्याकडेही त्यांनी मला एकदा पाठविले होते, थायरॉइड वगैरे तपासून घेतले, आणि तूर्त गोळीची गरज नाही असे ठरले.”

“आणि तुझ्या सर्व्हिस बुकात याची नोंद झाली म्हणजे? उद्या बढतीच्या वेळी कोणी ते पान उघडले म्हणजे?”

“ती नोंद कारखान्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरविला आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांनाही बजावले आहे की शरीराच्या आजाराला ज्या धर्तीवर विमा देता त्याच धर्तीवर मनाच्या आजाराला द्या.”

कायद्याचे नाव निघताच मामांचा स्वर किंचित उतरला, हे मी पाहिले. ज्या माणसाने आयुष्यभर कलमे आणि परिपत्रके वाचली त्याच्यापुढे भावनेपेक्षा अधिनियम टिकतो. तरीही त्यांनी मोर्चा बदलला.

“बरे, कायदा राहू दे. मला इतकेच सांग, की मनावर भार आला तर तो हलका करायला घर आहे, शेजार आहे, पारायण आहे, वारी आहे. समर्थांनी मनाला सज्जन म्हणून हाक मारून दोनशे पाच श्लोकांत जी समजूत घातली तिच्यात भर घालण्यासारखे या बाईंपाशी असे काय आहे, की त्यासाठी एका परक्या व्यक्तीला ताशी पैसे मोजून आपल्या घरातल्या गोष्टी सांगाव्यात?”

“मनाचे श्लोक मला शाळेपासून पाठ आहेत,” भाचा शांतपणे म्हणाला, “आणि त्या रात्री त्यांतला एकही आठवला नाही. बाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितले की भीतीच्या ऐन भरात नवे काही सुचत नसते. जे शरीराच्या अंगवळणी पडलेले असते तेवढेच त्या वेळी उपयोगी पडते, आणि म्हणून अभ्यास करायचा तो निवांत असताना. त्यांनी उपदेश केलाच नाही. दारूचे मी आपण होऊन सांगितले तेव्हाही त्यांनी ‘सोड’ म्हटले नाही. ‘तिने तुला काय मिळते आणि किती वेळ मिळते?’ एवढेच विचारले. मी आठवडाभर लिहून ठेवले. तास-दोन तासांची गुंगी मिळत होती, आणि त्यानंतर झोप मोडून मी टक्क जागा होत होतो. तो हिशेब माझ्याच अक्षरात समोर आल्यावर भांडण्याला कोणी उरले नाही.”

मग त्याने जे करून दाखविले ते मी पुष्कळ बारकाईने पाहिले. तो खुर्चीत पाठ टेकून बसला, उजव्या हाताची मूठ सर्व शक्तीने आवळली, सहा-सात सेकंद तशीच धरली आणि एकदम सोडून दिली. नंतर दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोटऱ्या या क्रमाने प्रत्येक स्नायू आवळून सोडत गेला, आणि सोडण्याच्या प्रत्येक वेळी उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवीत राहिला. अमेरिकेतील एडमंड जेकबसन नावाच्या वैद्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही रीत शास्त्रशुद्ध रूपाला आणली. तिच्यातील मर्म असे की ताठर स्नायू आणि सैल स्नायू यांतील अंतर माणसाला स्वतःच्या अंगात ओळखता येऊ लागले, म्हणजे ताण चढू लागल्याची वर्दी त्याला लवकर मिळते. आणि उच्छ्वास लांबविला की हृदयाची गती मंदावते, हे तर नाडीवर बोट ठेवून कोणालाही पडताळता येते. मामांनी बोट ठेवले. काही बोलले नाहीत, पण घड्याळ पाहिले.

“हे आपल्या लोणावळ्यात कुवलयानंदांनी १९२४ पासून शिकविलेच आहे,” ते अखेर म्हणाले. “कैवल्यधामाचे नाव ऐकले आहेस ना? मग हे अमेरिकेहून कशाला आणायचे?”

“आणू नका. बाई स्वतःच म्हणाल्या, प्राणायाम येत असेल तर तोच करा. तुम्ही ज्याला परकीय म्हणता त्यातले पुष्कळसे कोणा एका देशाचे नाहीच. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली तिचे मूळ ते स्वतःच एपिक्टीटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याकडे नेत, आणि तो तर एके काळी गुलाम होता. माणूस घटनांनी अस्वस्थ होत नाही, त्या घटनांविषयी त्याने जो समज करून घेतलेला असतो त्याने होतो, असा त्याचा सिद्धांत. मुंबईच्या किशोर फडके यांनी या एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आपल्याकडे रुजविली. अंजली जोशी यांनी एलिस यांच्या आयुष्यावर मराठीत कादंबरी लिहिली. आणि ज्या ठाण्याचे नाव घेऊन तुम्ही मला भीती घातलीत त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली, तिथे शहाणीसुरती माणसे शहाणी राहण्यासाठी जातात.”

येथे त्याने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. माझ्या मते त्या दिवशीच्या साऱ्या वादाचे केंद्र ही वही होते. पट्टीने रकाने आखलेले : तारीख व वेळ, काय घडले, त्या क्षणी मनात आलेला विचार, त्या विचारावर शंभरात किती विश्वास, त्याला पुरावा, त्याच्या विरुद्ध पुरावा, आणि शेवटी फेरविचार. मामांनी चष्मा पुसला. रकाने आखलेला कागद समोर आला की या माणसाला तो वाचल्याशिवाय राहवत नाही. एका नोंदीत, रात्री दोनच्या सुमारास दाबमापकाची घंटा वाजल्याचे लिहून पुढे ‘स्फोट होणार आणि खापर माझ्यावर फुटणार’ असा विचार, त्यावर नव्वद टक्के विश्वास, आणि विरुद्ध पुराव्याच्या रकान्यात सुरक्षा-झडप त्याच आठवड्यात तपासली असल्याचा उल्लेख होता. मामा पुढच्या नोंदीवर थांबले.

“ही नोंद चूक आहे.”

“कोणती?”

“‘काय घडले’ या सदरात तू लिहिले आहेस, ‘साहेब माझ्यावर खवळले.’ अरे, खवळले हे तुझे अनुमान झाले. साहेब प्रत्यक्षात काय बोलले ते लिही. जबानी घेताना आम्ही साक्षीदाराला पहिली ताकीद हीच देत असू, की डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले तेवढे सांग, तुझे मत सांगू नकोस. पंचनाम्यात मत शिरले की तो कोर्टात टिकत नाही.”

भाचा हसला. “साहेब म्हणाले होते, ‘लॉगशीट अपुरी आहे, भरून द्या.’”

“मग यात खवळणे कोठे आहे?”

“बाईंनीही हेच विचारले होते.”

मनोवैज्ञानिकाने शिकविलेल्या आणि महसूल खात्याने शिकविलेल्या दोन शिस्ती एका वहीच्या पानावर अशा अकल्पितपणे एकत्र आलेल्या पाहून मला मौज वाटली. परंतु मामांना मौज वाटण्याऐवजी नवीच शंका आली, आणि ती त्यांच्या आधीच्या सर्व शंकांपेक्षा वजनदार होती. वही मिटून त्यांनी ती भाच्याच्या हाती दिली.

“तुझ्या बाई हुशार आहेत, हे मी मान्य करतो. आता माझे ऐक. त्या रात्री तू सलग दोन पाळ्या केल्या होत्यास, कारण तुझा बदली माणूस आला नव्हता. बरोबर? तो पुढेही वरचेवर येत नव्हता. म्हणजे मूळ दुखणे कारखान्याच्या हजेरीपटात आहे, आणि उपचार चालले आहेत तुझ्या छातीवर. जिथे अर्ज करायचा तिथे तुम्ही श्वास लांबवायला शिकता. १९८४ च्या जानेवारीत, मी नोकरीत नवा असताना, उरण तालुक्यात जासईच्या बाजूला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, सोळा आणि सतरा तारखेला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लोकांना कोणी म्हटले असते, की बाबांनो, जमीन गेली ही घटना, आणि तिच्याविषयी तुमचा समज चुकीचा आहे, तो तेवढा बदला, तर साडेबारा टक्के विकसित भूखंड कोणाला मिळाला असता का? तुझ्या ग्रीक गुलामाने मालकाच्या विरुद्ध फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. सोशिक माणूस हा मालकाच्या सोयीचा असतो.”

भाचा बराच वेळ उत्तरला नाही. मला हा आक्षेप खरोखरच खोडता येण्याजोगा वाटत नाही, आणि मानसशास्त्राच्या नावाने जागोजाग जी स्वस्त, गुलाबी शिकवण दिली जाते तिला तर तो तंतोतंत लागू पडतो.

“त्या लोकांना बाईंनी असे म्हटले नसते,” भाचा सावकाश बोलू लागला. “मला त्यांनी सर्वांत आधी दोन याद्या करायला लावल्या. जे माझ्या अखत्यारीत आहे त्याची एक, जे नाही त्याची दुसरी. गळती होऊन गेली, ती आता माझ्या अखत्यारीत नाही. घंटा वाजणे नाही. रात्री वाऱ्यावर येणारा वास नाही. पण सलग दुसरी पाळी नाकारणे, विश्रांतीसाठी लेखी अर्ज देणे, तो मिळाला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करणे हे सगळे पहिल्या यादीत निघाले, आणि खरे सांगायचे तर यातले एकही मी केले नव्हते. मी काय करत होतो? दारू पीत होतो, पाळी बदलून घेत होतो, आणि घरी ओरडत होतो. मामा, ज्याचे हात कापतात त्याला अर्ज लिहिता येत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहायचे म्हटले तरी मला तीच धडधड होई. जी गोष्ट टाळावी तिची भीती वाढते, हे मी माझ्यावरच पाहिले. टाळल्यावर क्षणभर बरे वाटते, आणि ते बरे वाटणेच भीतीला खतपाणी घालते. म्हणून बाईंनी पायऱ्या आखून दिल्या : प्रथम सुटीच्या दिवशी त्या प्लांटच्या फाटकाशी नुसते उभे राहायचे, मग दिवसपाळीत आत फेरी मारायची, मग सहकारी सोबत असताना रात्रपाळी, मग एकट्याने. प्रत्येक पायरीवर धडधड आपोआप उतरेपर्यंत तिथून हलायचे नाही. शेवटून दुसरी पायरी होती, साहेबांशी बोलणे.”

“आणि शेवटची?”

“अर्ज. तो लिहायला मला तुम्ही हवे आहात.”

योगायोग असा की ज्या १९८४ साली जासईत गोळ्या चालल्या, आणि ज्याच्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली, त्याच वर्षी रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा ताणाविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला, आणि त्यात ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे करून दाखविलेले आहेत : एक, अडचणीलाच हात घालणे, दुसरा, अडचणीने उठलेली भावना सावरणे. जे बदलता येते तेथे पहिला मार्ग अधिक उपकारक, जे बदलता येत नाही तेथे दुसरा, असा साधारण निष्कर्ष पुढील संशोधनातून निघाला. मामांचा सारा रोष असा की दुसऱ्या मार्गाचे कौतुक करताना पहिल्याचा विसर पडतो, आणि तो रोष रास्त आहे. पण भाच्याचे म्हणणे मला अधिक पटते, कारण पहिल्या मार्गाने निघायलाही पायांत जे बळ लागते ते कित्येकदा दुसऱ्या मार्गानेच मिळवावे लागते. आणि दि. बां.च्या मागे निघालेल्या माणसांपाशी गाव होते, भावकी होती, ओटीवर रात्रभर चाललेली बोलणी होती. तळोज्याच्या सोडतीत घर लागलेल्या आणि शेजारच्या दाराआड कोण राहते हे ठाऊक नसलेल्या माणसापाशी त्यातले काय आहे? घराचा हप्ता, पाळीचे वेळापत्रक आणि मोबाईल. अशा माणसाला शेजार सुचविणे सोपे असते.

मामांनी अर्जाचा मसुदा तेथेच केला. ‘सविनय’ने आरंभ केलेला, तारखांनी खच्चून भरलेला आणि विशेषणांपासून सर्वस्वी मुक्त असा तो कागद माझ्या पाहण्यात आलेल्या उत्तम अर्जांपैकी एक होता. फक्त एका बाबतीत ते अखेरपर्यंत नमले नाहीत.

“तू इन्चार्ज आहेस, तुला फी परवडते. तुझ्या हाताखाली कंत्राटावर ड्रम उचलणारा जो मुलगा त्या रात्री होता, त्याच्या छातीत धडधडत नसेल का? तो कोणत्या बाईंकडे जातो?”

भाच्याने १४४१६ या क्रमांकाचा उल्लेख केला. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा हा दूरध्वनी १० ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस आणि विनामूल्य चालतो, आणि त्यावर मराठीतही बोलता येते. मामांनी तो टिपून घेतला, परंतु आठवड्यामागून आठवडा एकाच माणसापुढे बसून जे अंगवळणी पडते ते दूरध्वनीवर कितपत पडेल, हा त्यांचा प्रश्न तसाच उभा राहिला, आणि त्याला आम्हा दोघांपाशी उत्तर नव्हते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते. तो कंत्राटी मुलगा त्या टक्केवारीत असणार, एवढे निश्चित.

म्हणून या लेखाच्या अखेरीस, मामांच्याच आग्रहावरून, तळोज्याच्या कारखानदारांना एक विनंती करतो. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराची वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद आली. त्या निमित्ताने आपण त्याचे रक्त पाहता, फुफ्फुसे पाहता, डोळे आणि कान पाहता. वसाहतीतील कारखान्यांनी मिळून, भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेला एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नेमावा. त्याची खोली कोणत्याही कारखान्याच्या आवारात नसावी, त्याची टिपणे कोणत्याही व्यवस्थापनाच्या हाती पडू नयेत, रात्रपाळी सुटण्याच्या वेळी ती खोली उघडी असावी, आणि फीचा एक पैसाही कंत्राटी कामगाराच्या पगारातून कापला जाऊ नये.